रस्ता कुणी थांबवला?

१४ मार्च १९८१ रोजी निपाणीजवळ पुणे-बंगळूर रस्ता थांबला. पूर नव्हता, दरड कोसळली नव्हती, पूलही खचला नव्हता. कर्नाटकातल्या चिकोडी, हुक्केरी आणि सीमेपलीकडच्या कागल तालुक्यातले तंबाखूवाले शेतकरी हमरस्त्यावर येऊन बसले होते आणि पुढचे चोवीस दिवस ते उठले नाहीत. मुंबईहून निघून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीमार्गे बंगळूर आणि पुढे मद्रासला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ तेव्हा चिकोडी तालुक्यातल्या एका बाजारगावापाशी अडला होता. शेतकऱ्यांनी तिथे वसवलेल्या तळाला नाव पडले आंदोलननगर.

रस्त्यांचे इतिहास बहुधा बांधणाऱ्यांच्या अंगाने लिहिले जातात. कुणी आखला, कुणी खडी टाकली, कुणी फीत कापली. बेळगावात ज्याला पी. बी. रोड म्हणतात त्या या रस्त्याचा इतिहास मात्र तो कुणी कुणी अडवला, या अंगाने वाचला तर जास्त कळतो. कारण इथला प्रत्येक थांबा कुणाच्या तरी मालकीचा होता. त्यामागे एक हात होता आणि त्या हाताला काहीतरी हवे होते.

जुन्या मुंबई इलाख्याच्या कागदपत्रांत हा पुणे-हरिहर रस्ता आहे. कोल्हापूरहून दूधगंगा ओलांडून कोगनोळी, पुढे वेदगंगा, निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर आणि बेळगाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने मिरज-बेळगाव-लोंढा असा लोहमार्ग टाकला, तेव्हा तो या रस्त्याला सोडून पूर्वेकडून गेला. चिकोडीच्या नावाचे स्टेशन झाले, पण नाव ‘चिकोडी रोड’, म्हणजे उतरल्यावर चिकोडी अजून लांबच. निपाणीला तर तेवढेही मिळाले नाही. परिणाम असा की निपाणीची पेठ शंभर टक्के रस्त्यावर जगली. आधी बैलगाड्या, मग ट्रक. जे काही आले-गेले ते याच डांबरावरून, आणि त्यातला सर्वांत मोलाचा माल होता विडीची तंबाखू.

या मालाइतके अडवून घेणारे दुसरे पीक महाराष्ट्र-कर्नाटकात क्वचितच असेल. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, इंग्रज सरकारने तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसवला आणि तो थेट कच्च्या पानावर. त्यामुळे शेतात पीक उभे असल्यापासून सरकारचे डोळे त्यावर. किती क्षेत्र, किती वजन, कुठल्या वखारीत ठेवले, याच्या नोंदी. एका जागेवरून दुसरीकडे हलवायची तर वाहतुकीचा परवाना. शेतकऱ्याच्या घरात सोने असले तर कुणी विचारत नसे, तंबाखूची दोन पोती असली की एक्साइजवाला दारात उभा. ही तपासणी छत्तीस वर्षे चालली. १९७९ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री चरणसिंग यांनी कच्च्या तंबाखूवरचा कर काढला आणि भार तयार विडीकडे वळवला.

कर गेला की शेतकऱ्याचा फायदा व्हायला हवा, असे कागदावर वाटते. निपाणीत तसे झाले नाही, कारण दुसरा अडवणारा जागेवरच होता. तंबाखूची लावण पावसाळ्यात, मग शेंडे खुडायचे, फुटवे काढत राहायचे, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. हिवाळ्यात कापणी, शेतातच उन्हात वाळवण आणि मग माल बाजारात. या खटाटोपात सहा-सात महिने जातात आणि घरातले एकही माणूस मोकळे राहत नाही. शेवटी भाव ठरवायचा तो व्यापाऱ्याने. पान हातात चुरडून, नाकाशी नेऊन, प्रत तोच सांगणार. आज बोललेला भाव पैसे देताना तोच राहील याची हमी नाही, आणि पैसे कधी मिळतील याचीही नाही. ऊस कारखान्याला घालता येतो, ज्वारी घरात खाता येते. वाळलेल्या तंबाखूचे शेतकरी काय करणार?

वखारीच्या आतली गोष्ट आणखी वेगळी. तिथे तंबाखू चाळायला, कुटायला, निवडायला हजारो बायका. नाकातोंडात खकाणा, बंद खोल्या, मजुरी व्यापारी देईल ती. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या बायकांची संघटना उभी केली. युगांतर या फिल्म गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. त्यात त्या स्वतः बोलतात आणि आजही तो पाहणाऱ्याला खाली बसवतो. म्हणजे १९८१ साली निपाणीत ज्यांनी तंबाखू पिकवली तेही आणि ज्यांनी ती निवडली त्याही, दोघेही खदखदत होते.

शरद जोशी अशा वेळी निपाणीत आले. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला बसलेला हा माणूस एव्हाना महाराष्ट्रात घराघरात ठाऊक झाला होता. चाकणचे कांदा आंदोलन झाले होते. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे रोखून झाली होती. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ अशी त्यांची मांडणी होती. ती ज्या जागेवर उघड्या डोळ्यांना दिसते ती जागा म्हणजे महामार्ग. इंडिया त्यावरून जातो, भारत त्याच्या कडेला राहतो, आणि एरवी दोघांची गाठ पडत नाही. रस्ता रोखला की पडते.

निपाणीची जागा त्यासाठी अचूक होती, पण अवघडही. सीमाप्रश्नाची जखम ओली होती. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले होते आणि ते अमलात आले नव्हते. मराठी नेता, मराठी भाषणे, आणि समोर गुंडूराव यांचे कर्नाटक सरकार. या आंदोलनाला सीमेच्या भांडणाचा रंग चढवणे फार सोपे होते. तो चढला नाही, याचे श्रेय मागणीला द्यावे लागेल. तंबाखूचा भाव मराठी शेतकऱ्याला जितका कमी मिळत होता तितकाच कन्नड शेतकऱ्यालाही. हुक्केरी-चिकोडीकडचे कन्नड बोलणारे आणि कागलकडचे मराठी बोलणारे एकाच डांबरावर बसले. सीमाभागाच्या राजकारणात असे क्षण बोटांवर मोजावेत इतकेच आहेत, आणि माझ्या मते हा त्यांतला सर्वांत मोठा.

चोवीस दिवस रस्त्यावर काढायचे म्हणजे तिथे संसारच मांडावा लागतो. मार्च-एप्रिलचे ऊन, बैलगाड्या, चुली, आसपासच्या गावांतून येणारी भाकरी, रात्रीची भजने आणि भाषणे. आज दोन तासांचा रास्ता रोको करून छायाचित्र छापून आणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

६ एप्रिल १९८१ ला पोलीस आले. शरद जोशींना अटक झाली, लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला आणि गोळीबार झाला. बारा शेतकरी मेले. कांद्या-उसाच्या आंदोलनांतही गोळ्या चालल्या होत्या, पण एकाच जागी बारा माणसे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने तोवर गमावली नव्हती. रस्ता मोकळा झाला. निपाणीत ६ एप्रिल अजून पाळला जातो.

आता जरा लांब जाऊ. १९५५ मध्ये जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम या दोन ब्रिटिश गणितज्ञांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत एक निबंध दोन भागांत छापला. पहिला भाग लांब नद्यांमधल्या पुराच्या लाटेवर. दुसरा गर्दीच्या लांब रस्त्यांवरच्या वाहतुकीवर. गणित एकाच जातीचे. पाणी जसे एका ठिकाणी तुंबते आणि त्या तुंबण्याची लाट पुढे सरकते, तशी गाड्यांच्या दाटीचीही लाट असते. फरक एवढाच की दाट वाहतुकीत ती मागे सरकते. पुढच्याने ब्रेक मारला, मागच्याने थोडा जास्त मारला, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त. पुढचा कधीच निघून गेलेला असतो, पण त्याने सोडलेला थांबा एकेका गाडीवरून मागे मागे येत राहतो. मागे अर्ध्या मैलावर एक माणूस पूर्ण थांबतो आणि पुढे गेल्यावर त्याला अपघात दिसत नाही, बंद पडलेला ट्रक दिसत नाही, काहीच दिसत नाही.

हे प्रत्यक्ष दाखवले जपानी संशोधकांनी, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना सूचना एकच: ताशी ३० किलोमीटरच्या आसपास सारख्या वेगाने चला. चढ नाही, चौक नाही, नाका नाही. थोड्याच वेळात त्या वर्तुळात कोंडी तयार झाली आणि ताशी वीसेक किलोमीटरने उलटी फिरू लागली. कुणीही ती मुद्दाम केली नव्हती.

निपाणीच्या इतिहासावर वाढलेल्या माणसाला यात नवल वाटते ते हे. आपल्याकडे रस्ता थांबला की पहिला प्रश्न: कुणी थांबवला? एक्साइजने, व्यापाऱ्याने, शेतकऱ्याने, पोलिसाने. बेवारस थांबा ही कल्पनाच आपल्या रस्त्याला नवी होती. तिची पाळी यायला मधले सगळे धनी दूर व्हावे लागले.

ते हळूहळू झाले. कर्नाटकाने १९७९ मध्येच जकात काढली होती, पण राज्याच्या वेशीवरचे विक्रीकर नाके होतेच. ज्याने त्या काळात मुंबईहून बेळगावला ट्रक आणला त्याला कागल-कोगनोळीच्या रांगा सांगायला नकोत. चालक केबिनमधून उतरतो, कागदांची पिशवी बगलेत, एका खिडकीवर शिक्का, दुसऱ्या खिडकीवर चिरीमिरी, आणि तोवर मागे ट्रकच ट्रक. क्लीनर स्टोव्ह पेटवून भात टाकायचा. नंबर लागेपर्यंत तो शिजून जेवणही व्हायचे. सुवर्ण चतुष्कोनात रस्ता चौपदरी झाला, पुढे क्रमांक ४ चा ४८ झाला, पण चौपदरी रस्त्याच्या तोंडावर नाका बसलेला असेल तर पदर कितीही असोत, चाल खिडकीचीच राहते. शिवाय चौपदरीकरणाने स्वतःचे नवे थांबे आणले. किणी, कोगनोळी, हत्तरगी असे टोलनाके.

१ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर आला आणि पहिल्या काही दिवसांतच महाराष्ट्र-कर्नाटकासह बहुतेक राज्यांनी विक्रीकराचे नाके उठवले. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल. म्हणजे नाका गेला असे नव्हे, तो चालकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये गेला. मग फास्टॅग. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या सगळ्या टोल मार्गिका फास्टॅगच्या झाल्या. काचेवर ती पट्टी नसेल तर तेव्हा दुप्पट पैसे. त्याच वर्षी मे महिन्यात महामार्ग प्राधिकरणाने सांगितले की गर्दीच्या वेळीही एका वाहनाला दहा सेकंदांहून जास्त लागू नयेत आणि रांग शंभर मीटरपलीकडे जाऊ नये. कोगनोळीला उतरून सुट्ट्या पैशांवरून वाद घालणाऱ्या चालकाची पिढी तिथे संपली. गाडी आणि नाका यांचे बोलणे परस्पर होऊ लागले, आणि या रस्त्यावर गाड्यांना जाळ्याशी जोडणारे तंत्र खऱ्या अर्थाने पोहोचले ते असे, कर आणि टोलच्या वाटेने.

गंमत अशी की ज्या फेब्रुवारीत फास्टॅगने कोगनोळीचा थांबा काढला, त्याच महिन्यात करोनाने तो परत बसवला. महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआरचा अहवाल हवा, नाही तर मागे फिरा. आदल्या वर्षी सेवासिंधू संकेतस्थळावरचा पास होता, आता चाचणीचा कागद. लग्नाला निघालेली वऱ्हाडे, मयताला निघालेले भाऊबंद, कोल्हापूरच्या दवाखान्यातून घरी परतणारे पेशंट, सगळ्यांनी दूधगंगेच्या अलीकडे-पलीकडे ताटकळत दिवस काढले. सीमा नकाशावर असते असे समजणाऱ्यांना ती डांबरावर दिसली. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा ती पुन्हा दिसली: बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलवर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले आणि दोन्हीकडच्या एसटी थांबल्या.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने शिरोलीला आणि वेदगंगेने यमगर्णीला हा रस्ता जवळपास आठवडाभर बुडवला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा. लाइटहिल-व्हिटम यांच्या निबंधाचे दोन्ही भाग एकाच वेळी यमगर्णीच्या पुलापाशी भेटले: नदीत पाण्याची लाट पुढे चालली होती आणि रस्त्यावर थांबलेल्या ट्रकांची रांग मागे वाढत होती. या थांब्यालाही धनी शोधता येतो, फार लांब जावे लागत नाही. पूररेषेत घातलेल्या भरावांकडे पाहिले तरी पुरे.

हे सगळे वजा करून उरते ते रोजचे. निपाणी परिसरात तंबाखू मागे पडली, ऊस वाढला. निपाणीला हालसिद्धनाथ, चिकोडीला दूधगंगा-कृष्णा, शिवाय सीमेपलीकडे कागलचे कारखाने. हंगाम लागला की एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर कडेने बाहेर आलेली उसाची मोळी, मागे दिवा असला तर असला, आणि टेपवर ठेका मात्र पूर्ण आवाजात. ताशी वीसच्या आतबाहेर चाललेला हा ट्रॅक्टर डाव्या मार्गिकेत असतो. त्याला ओलांडायला मालट्रक उजवीकडे येतो, त्याचाही वेग फार नसतो. मागून ऐंशीने आलेली कार ब्रेक मारते. तिथून लाट सुरू होते. तवंदीच्या चढाला हेच भरलेल्या कंटेनरमुळे होते: एक रांगतो, दुसरा त्याहून जरासा जोरात रांगत त्याला ओलांडतो, आणि घाटाखाली थांबलेल्या माणसाला वर जाईपर्यंत दोघेही दिसत नाहीत. त्यात सहापदरीकरणाची वळणे आणि अरुंद झालेल्या बाजू. कुणी अडवलेले नसते. तरीही थांबलेले असते.

याच बेवारस लाटेवर अमेरिकेत दोन प्रयोग झाले. ॲरिझोनात टुसानला २०१६ मध्ये जपानी वर्तुळाचाच खेळ मांडला, पण त्यातली एक गाडी यंत्राने चालणारी ठेवली. तिने काही अचाट केले नाही. पुढची गाडी पळाली तरी ती पाठलाग करत नव्हती. सगळ्यांच्या सरासरी वेगाने चालत, पुढे थोडी जागा राखत राहिली. वीसेक गाड्यांतल्या त्या एकीने लाट मोडली आणि इंधनाचा खर्च ४० टक्क्यांपर्यंत उतरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेनेसीत नॅशव्हिलजवळच्या महामार्गावर त्याच मंडळींनी सकाळच्या गर्दीत अशा १०० गाड्या सोडल्या. साध्या बाजारातल्या गाड्या, वेग धरून ठेवणारी त्यांची यंत्रणा थोडी बदललेली, पुढे कोंडी कुठे आहे याची खबर त्यांना आधीच मिळत होती, आणि रस्त्यावर खांबाखांबावर कॅमेरे. विचार तोच. मैलभर पुढे ब्रेक लागणार हे आत्ताच कळले तर आत्ताच थोडे हळू व्हावे, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत थांबायची वेळच येऊ नये.

आपल्या रस्त्यावर हे जसेच्या तसे चालणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पुढे जागा राखली की त्या जागेत दुचाकी घुसते, तिच्यामागे वडापची जीप घुसते. वेग धरणारी यंत्रणा ज्या गाड्यांत आहे त्यांची संख्या कमी, आणि लाट उठवणारा ट्रॅक्टर तर कशालाच जोडलेला नाही. शिवाय इथे जोडलेले तंत्र आले ते पैसे गोळा करायच्या कामाला. फास्टॅगला कोगनोळीहून गाडी किती वाजता सुटली हे ठाऊक असते आणि हत्तरगीला ती किती वाजता पोहोचली हेही. मधे तवंदीला तिला किती वेळ लागला, हे त्या दोन आकड्यांतून निघू शकते. ती वजाबाकी मागून येणाऱ्या चालकाला निपाणीच्या अलीकडे एका फलकावर दिसली, तर नॅशव्हिलच्या निम्मे काम झाले.

रस्ता अडवून भाव मागायची रीतही गेलेली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राजू शेट्टींच्या स्वाभिमानी संघटनेने उसाच्या पैशांसाठी शिरोलीला हाच महामार्ग दिवसभर धरला आणि तडजोड करूनच उठले. शेट्टी शरद जोशींच्या संघटनेतून आलेले. त्या थांब्याला कुठल्याही गाडीतली चिप उपाय नाही, आणि असू नये. लाट मोडणाऱ्या यंत्राला निपाणीचे आंदोलन ही नुसती कोंडी दिसली असती.

बेवारस लाटेचे मात्र करता येण्यासारखे आहे, आणि सुरुवात महागड्या गाड्यांपासून करायला नको. कोणत्या शेतातला ऊस कधी तुटणार याचा प्रोग्राम कारखान्याच्या शेती खात्याकडे असतो. कोणत्या तोडणी टोळीचा ट्रॅक्टर कोणत्या गावाहून निघणार, हे कारखान्याच्या चिटबॉयला माहीत असते. सकाळी नऊ ते अकरा हमरस्त्यावर डबल ट्रॉली येणार नाही एवढे चिकोडी-निपाणी-कागलच्या कारखान्यांनी आपसांत ठरवले, आणि प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल दिवा लागला, तर पहिल्या हंगामातच फरक मोजता येईल. मोजायला कोगनोळी आणि हत्तरगीचे आकडे आहेतच. गळीत दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. बैठक घ्यायची तर दसऱ्याआधी घ्यावी.